सप्लायरसोबत जॉइंट प्लॅनिंगची सर्व्हिस: दीड वर्ष वापरल्यावर साडेतीन स्टार

आधीच सांगते, सर्व्हिसचं नाव घेणार नाहीये, करार अजून चालू आहे आणि उगाच कटकट नको. तसंही या प्रकारातल्या तीन-चार जणांचे डेमो बघितले, सगळ्या सख्ख्या बहिणी वाटतात, त्यामुळे हे कोणाही एकीला लावून वाचलंत तरी फार बिघडणार नाही. मी एका रिटेल चेनमध्ये बायर आहे, पर्सनल केअर आणि बेबी केअर माझ्याकडे, म्हणजे शाम्पू, टूथपेस्ट, डायपर, वाइप्स असला माल. रोजचं काम म्हणजे पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, काढणं, सप्लायरच्या मागे लागणं आणि शेल्फ रिकामं दिसलं की वरच्यांच्या शिव्या खाणं.

ही सर्व्हिस नेमकं काय करते ते दोन ओळीत: आपला विक्रीचा फोरकास्ट, प्रमोशनचं कॅलेंडर, दुकानात आणि गोदामात किती स्टॉक आहे हे सगळं एका स्क्रीनवर जातं, सप्लायर त्याच स्क्रीनवर स्वतःचा फोरकास्ट आणि किती माल देऊ शकतो तो आकडा टाकतो, दोन्हीत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की ती ओळ लाल होते, मग दोघांनी बोलून एक आकडा फायनल करायचा आणि पुढच्या पीओ त्या आकड्यावरून निघतात. बस. बाकी सगळी सजावट.

डेमोला आलेला मुलगा अर्धा तास एआय एआय करत होता. मला हसू येत होतं, कारण ही मूळ कल्पना ३० वर्षं जुनी आहे. वॉलमार्ट आणि लिस्टरीन माउथवॉश बनवणारी वॉर्नर-लॅम्बर्ट यांनी १९९५ च्या सुमारास लिस्टरीनवर हाच प्रयोग केला होता, दोघांनी आपापला फोरकास्ट समोरासमोर ठेवायचा आणि फरकावर बोलायचं. त्यातूनच सीपीएफआर (दोघांनी मिळून प्लॅनिंग, फोरकास्ट आणि माल भरणं) हे नाव आलं आणि १९९८ मध्ये व्हिक्स नावाच्या उद्योगसंघटनेने त्याची नऊ पायऱ्यांची मार्गदर्शिका छापली. आणि त्या नऊ पायऱ्यांमधली पहिली काय, तर सॉफ्टवेअर नाही, दोन कंपन्यांनी आपसात काय ठरवायचं त्याचा करार. कोण काय माहिती देणार, कधी देणार, आकडा चुकला तर कोणी काय करायचं. आम्ही ती पायरी गाळली आणि थेट लॉगिन वाटले. त्याची फळं भोगली, ते पुढे येतंच.

ही सर्व्हिस घ्यायच्या आधी आमचं काय चालायचं ते सांगते म्हणजे फरक कळेल. दर शुक्रवारी संध्याकाळी मी सप्लायरला एक्सेल पाठवायची. त्यात पुढच्या १२ आठवड्यांचे आकडे. सप्लायर ती उघडायचा की नाही देव जाणे, कारण त्यालाही माहीत होतं की सोमवारी पीओ येणार ती या आकड्यांसारखी नसणारच. मग बुधवारी कॅटेगरी मॅनेजर सांगणार की प्रमोशन पुढच्या आठवड्यात घेतोय, डायपरची साइज चार डबल करा. लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल यायला लागणारा वेळ, चार आठवडे, प्रमोशनला उरलेत नऊ दिवस. मी पीओ बदलायची, सप्लायर "बघतो मॅडम" म्हणायचा, अर्धाच माल यायचा, तोही दोन हप्त्यात, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये आम्ही ठळक अक्षरात लिहायचो, सप्लायर परफॉर्मन्स असमाधानकारक. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, पण तेव्हा मला खरंच वाटायचं की चूक त्यांचीच आहे.

ट्रेनिंगचा पहिला दिवस मात्र यांनी भारी घेतला, त्याचे पूर्ण मार्क. स्लाइड्स नाहीत, आम्हाला बीअर गेम खेळायला बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा एमआयटीमधला जुना खेळ आहे, १९६० च्या दशकापासून खेळतात. टेबलावर चार जण: दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याकडे ऑर्डर द्यायची, बोलायचं नाही, आणि माल पोचायला मध्ये वेळ लागतो. मी होलसेलर झाले होते. सहाव्या-सातव्या फेरीला माझ्याकडचा स्टॉक संपला, मी घाबरून २० मागवले, आले नाहीत, मग ३० मागवले, फॅक्टरीवाला सहकारी तर घाम पुसत होता. आणि मग एकदम धो धो माल आला, ठेवायला जागा नाही. खेळ संपल्यावर ग्राहकाची पत्ती उलटी केली. पहिले चार आठवडे ४, पाचव्या आठवड्यापासून ८, आणि शेवटपर्यंत ८ च. एकदाच बदल झाला होता. बाकीचं वादळ आम्ही चौघांनी मिळून उठवलं होतं. टेबलावर दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग कॅटेगरी मॅनेजर म्हणाले, "हे तर आपलं डायपरचंच झालं."

आणि गंमत म्हणजे ते अक्षरशः खरं आहे. या प्रकाराला बुलव्हिप म्हणतात, आणि त्याचं कायम दिलं जाणारं उदाहरण म्हणजे पी अँड जीचे पॅम्पर्स. बाळं काही आठवड्याआड कमी-जास्त डायपर वापरत नाहीत, दुकानातली विक्री बऱ्यापैकी सरळ रेषेत, पण कंपनीकडे पोचणाऱ्या ऑर्डरी वरखाली उड्या मारणाऱ्या. ली, पद्मनाभन आणि व्हँग या तिघांनी १९९७ मध्ये याची चार कारणं मांडली: प्रत्येक जण समोरून आलेल्या ऑर्डरीवरून स्वतःचा अंदाज नव्याने बांधतो, ऑर्डरी गठ्ठ्याने दिल्या जातात, भाव वरखाली झाले की लोक आधीच भरून ठेवतात, आणि टंचाई दिसली की गरजेपेक्षा जास्त मागून ठेवतात. ट्रेनरने ही चार कारणं बोर्डवर लिहिली आणि विचारलं तुमच्याकडे यातलं काय काय आहे. चारही होती. चारही! महिन्यातून एकदा पूर्ण ट्रक, तिमाहीच्या शेवटी रिबेट पदरात पाडायला जादा खरेदी, आणि सप्लायरने कुठलाही माल कमी पडतोय म्हटलं रे म्हटलं की आम्ही दुप्पट मागायचो, म्हणजे निम्मा तरी मिळेल.

तर ट्रेनिंग छान. पुढचे तीन महिने वाईट. म्हणजे फारच वाईट.

पहिलं घोडं अडलं मास्टर डेटावर, म्हणजे प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीवर. आमच्या सिस्टीममध्ये वाइप्सचा एक केस म्हणजे २४ पाकिटं, सप्लायरकडे १२ चा केस, कारण त्यांनी कधीतरी पॅकिंग बदललं आणि आमच्याकडे कोणी अपडेट केलंच नाही. आतापर्यंत चालून गेलं कारण गोदामातली मुलं माल उतरवताना हातानेच दुरुस्त करायची. स्क्रीनवर मात्र आमचा फोरकास्ट त्यांच्या निम्मा दिसायला लागला आणि प्रत्येक ओळ लाल. ते निस्तरलं तर आठवड्याचा घोळ. आमचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्यांचा सोमवारी. दुकानात रविवारची विक्री सगळ्यात जास्त, म्हणजे विक्रीचा सगळ्यात मोठा दिवस आमच्याकडे या आठवड्यात आणि त्यांच्याकडे मागच्या आठवड्यात. साध्या आठवड्यात ते खपून जातं, पण शनिवार-रविवारच्या प्रमोशनला दोन्ही फोरकास्ट असे वाकडे दिसायचे की आम्ही दोन मीटिंगा एकमेकांचं डोकं खाण्यात घालवल्या, तेव्हा कुठे त्यांच्या एका ज्युनियर मुलीने हळूच विचारलं की तुमचा आठवडा कुठल्या वारी चालू होतो. सर्व्हिसवाल्यांनी हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं की नको? सेटिंगमध्ये ऑप्शन आहे, तिसऱ्या मेनूच्या आत. अर्धा स्टार तिथेच कापला.

दुसरं, अलर्ट. सुरुवातीला मर्यादा १० टक्के ठेवली होती सगळ्याच मालाला. एका सकाळी लॉगिन केलं तर ६०० च्या वर लाल ओळी. आठवड्याला चार नग विकला जाणारा कुठलातरी हर्बल शाम्पू, आमचा अंदाज ४, त्यांचा ५, झाला २५ टक्के फरक, झाली लाल. ६०० ओळी कोण बघणार, कोणीच नाही, आणि त्यात डायपरची जी एक ओळ खरंच बघायला हवी होती तीही राहिली. नंतर आम्ही मर्यादा टक्क्यात न ठेवता केसमध्ये ठेवली, आणि मोठ्या विक्रीच्या मालाला वेगळी. आता आठवड्याला ३०-४० ओळी येतात, माणसाला झेपेल इतक्या.

आता चांगलं काय झालं ते. आणि का झालं ते, कारण याबद्दल ऑफिसात अजूनही माझं आणि आमच्या प्लॅनिंग टीमचं पटत नाही.

चौथ्या महिन्यात आम्ही शेवटी तो करार केला जो आधी करायला हवा होता. दीड पानाचा कागद. त्यात मुख्य गोष्ट एकच: चार आठवड्यांच्या आतली ऑर्डर आम्ही बदलायची नाही. याला फ्रोजन विंडो म्हणतात. पाच ते आठ आठवड्यांपर्यंत २० टक्के वरखाली चालेल, त्यापुढे काय वाट्टेल ते. बदल्यात सप्लायरने फ्रोजन विंडोमधला आकडा कमिट करायचा आणि माल कमी पडणार असेल तर ट्रक निघायच्या दिवशी नाही, कळल्या दिवशी सांगायचं. प्रमोशनचं कॅलेंडर आठ आठवडे आधी स्क्रीनवर आलं नाही तर ते प्रमोशन सप्लायरवर बंधनकारक नाही. हे शेवटचं कलम मार्केटिंगला गिळायला फार जड गेलं. प्रमोशन आधी सांगितलं तर फुटेल, स्पर्धकाला कळेल, असं त्यांचं म्हणणं. अहो पण त्याच सप्लायरकडून माल घ्यायचाय ना, त्याला न सांगता आणणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एक मंगळवारचा कॉल सांगते. दर मंगळवारी ४० मिनिटांचा कॉल असतो, मी आणि सप्लायरचे प्लॅनर, वयाने बरेच मोठे, मी त्यांना साहेब म्हणते, ते मला मॅडम. डायपर साइज चारची ओळ लाल. आमचा आकडा त्यांच्यापेक्षा ४० टक्के जास्त.

साहेब म्हणाले, "मॅडम, हे वाढलंय ते ग्राहक वाढले म्हणून, की तुम्ही दुकानात भरून ठेवताय म्हणून?"

मी म्हटलं बघते. बघितलं तर ९ नंबरच्या आठवड्यात नवीन शेल्फ लेआउट येणार होता, साइज चारला एक फळी जास्त मिळणार होती. म्हणजे ती फळी एकदा भरायला लागणारा माल होता तो, रोजची विक्री तेवढीच. आमच्या सिस्टीमने ती एकदाची भरती पुढच्या सहा आठवड्यांवर पसरून टाकली होती.

"मग एकदाच द्यायचंय ना, देतो की. दर आठवड्याला एवढं देत बसलो असतो तर सहा आठवड्यांनी तुम्हीच मला फोन केला असता, साहेब थांबवा म्हणून."

पाच मिनिटात प्रश्न सुटला. आधीच्या पद्धतीत हे असं झालं असतं: आम्ही जादा ऑर्डर दिल्या असत्या, त्यांनी मागणी वाढली समजून जादा शिफ्ट लावली असती, कच्चा माल मागवला असता, आणि मग आम्ही दोन महिने ऑर्डरच दिली नसती. हा एक प्रश्न, ग्राहकाची मागणी की पाइपलाइन भरणं, हा कुठल्याही एआयने विचारला नाही. ६० च्या आसपासच्या एका माणसाने विचारला. स्क्रीनचं श्रेय एवढंच की दोन आकडे शेजारी शेजारी दिसले म्हणून तो विचारला गेला.

आता आमचं भांडण. प्लॅनिंग टीम म्हणते की खरेदीचा परफॉर्मन्स सुधारला कारण फोरकास्ट जास्त बरोबर यायला लागला. मी म्हणते फोरकास्ट सुधारला ते ठीक, पण स्टॉक कमी झाला तो सप्लायर वेळेवर यायला लागला म्हणून. त्यांना पटेना, मग मी एकदा बसून सेफ्टी स्टॉकचं, म्हणजे माल संपू नये म्हणून ठेवायच्या जादा साठ्याचं, पुस्तकी गणित करून दाखवलं. समजा एका मालाची विक्री आठवड्याला ५०० केस, तिच्यातला चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १०० केस. लीड टाइम सरासरी ४ आठवडे, पण तो कधी तीन कधी पाच, म्हणजे त्यातला चढउतार १ आठवडा. ९५ टक्के वेळा माल संपू नये म्हणून १.६५ ने गुणायचं. सूत्र असं की लीड टाइम गुणिले विक्रीच्या चढउताराचा वर्ग, अधिक विक्रीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या चढउताराचा वर्ग, आणि सगळ्याचं वर्गमूळ. येतो साधारण ८८८ केसचा सेफ्टी स्टॉक.

आता फोरकास्ट जादू झाल्यासारखा सुधारला आणि १०० चा चढउतार ५० वर आला असं धरा. सेफ्टी स्टॉक किती होतो? ८४१. एवढंच! चूक निम्मी केली आणि वाचले ४७ केस. बरं, लीड टाइम ४ चा ३ आठवडे केला, ज्यासाठी आमचे साहेब लोक प्रत्येक मीटिंगला सप्लायरशी भांडतात, तर ८७३. आणि लीड टाइम चारच ठेवला, पण त्यातला चढउतार एका आठवड्याचा अर्धा आठवडा केला तर ५२८. थेट ३६० केस कमी. मी हे बोर्डवर लिहिल्यावर प्लॅनिंगचा हेड म्हणाला तू आकडे सोयीचे घेतलेस. घेतले असतील, दुसऱ्या मालाला दुसरे येतील, हळू विकल्या जाणाऱ्या आणि बेभरवशाच्या मालात फोरकास्टच भारी पडेल, पण माझ्या कॅटेगरीतला जोरात विकला जाणारा माल साधारण असाच आहे. सप्लायर लवकर नाही आला तरी चालेल, सांगितलेल्या दिवशी यावा.

आणि तो सांगितलेल्या दिवशी का येत नव्हता, तर आम्ही दर बुधवारी त्याची लाइन बदलायला लावत होतो म्हणून. फॅक्टरीत साइज तीन चालू असताना साइज चार घ्यायची म्हणजे मशीन थांबवा, सेटिंग बदला, सुरुवातीचा माल वाया. मग दुसऱ्या कोणाची तरी ऑर्डर मागे जाते, ती आमचीच शाम्पूची असते. फ्रोजन विंडो आल्यावर त्यांना चार आठवडे स्थिर मिळाले आणि ट्रक ठरल्या दिवशी यायला लागले. एवढं साधं कारण. खापर फोडायला मग सप्लायर उरला नाही, हा एक तोटा म्हणा हवं तर.

अजून एक झालं ते म्हणजे महिन्याचा एक मोठा ट्रक जाऊन आठवड्याला मिक्स ट्रक यायला लागला, डायपर-वाइप्स-लोशन एकत्र. आधी सप्लायर याला तयार नव्हता कारण आठवडाभर आधी काय भरायचं हे कळायचंच नाही. आता कळतं. एएसएन, म्हणजे ट्रक निघायच्या आधीची सूचना, सुद्धा आता खऱ्या मालाशी जुळते, त्यामुळे गोदामात उतरवायचा वेळ बराच वाचतो. बाकी पेमेंटचे वाद पण कमी झाले, जीआरएन, म्हणजे गोदामात माल मिळाल्याची नोंद, आणि बिल जुळायला लागलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तक्रारी. खऱ्याखुऱ्या.

सगळ्यात मोठी तक्रार डॅशबोर्डवर. ओटीआयएफ, म्हणजे वेळेवर आणि पूर्ण माल, हा आकडा यांनी बाय डिफॉल्ट शेवटच्या बदललेल्या तारखेशी मोजायला ठेवलाय. म्हणजे सप्लायरने १० तारखेचा माल १७ ला देतो असं स्क्रीनवर टाकलं, मी वैतागून अ‍ॅक्सेप्ट दाबलं, आणि तो १७ ला आला की झाला हिरवा. शेल्फ आठवडाभर रिकामं आणि डॅशबोर्ड हिरवागार. पाचव्या महिन्यात वरच्यांसमोर हा आकडा दाखवून आम्ही पाठ थोपटून घेतली आणि स्टोअर ऑपरेशन्सवाल्या बाईंनी शांतपणे रिकाम्या शेल्फचे फोटो काढून दाखवले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मूळ मागितलेल्या तारखेशी मोजायचा ऑप्शन आहे, पण तो सपोर्टला तिकीट टाकून चालू करून घ्यावा लागतो. का? विकताना आकडा चांगला दिसावा म्हणून, दुसरं काय.

तेच फोरकास्ट अ‍ॅक्युरसीचं. स्क्रीनवर जो मोठा टक्का दिसतो तो एक आठवडा आधीच्या अंदाजाचा. अहो पण माझा लीड टाइम चार आठवड्यांचा आहे, एक आठवडा आधी मला बरोबर कळून मी करू काय, आरती ओवाळू? चार आठवडे आधी जो आकडा होता तो किती चुकला हेच खरेदीला लागतं. तो रिपोर्ट आम्ही स्वतः एक्सेलमध्ये बनवतो, आजही. वर ती सरासरी साधी काढलीये. एका मालाचे २ विकले, अंदाज ४, चूक १०० टक्के, दुसऱ्याचे १००० विकले, अंदाज ९००, चूक १० टक्के, हे दाखवणार सरासरी ५५ टक्के चूक. विक्रीच्या वजनाने काढली तर १० च्या आसपास येते. कुठला आकडा मीटिंगला न्यायचा यावर लोकांचे बोनस अवलंबून असतात, त्यामुळे हे वाटतं तितकं किरकोळ नाही.

आणि चूक कुठल्या बाजूला आहे हे तर दिसतच नाही नीट. आमचे प्रमोशनचे अंदाज कायम वरच असतात, कारण कॅटेगरी मॅनेजरला प्रमोशन मंजूर करून घ्यायचं असतं ना. साहेबांनी (सप्लायरच्या) हे आमच्या आधी ओळखलं होतं, ते गुपचूप आमच्या प्रमोशनच्या आकड्यातून एक चतुर्थांश कापून प्रॉडक्शनला द्यायचे. मला हे वर्षभराने सांगितलं, हसत हसत.

छोट्या सप्लायरसाठी ही सर्व्हिस नाही, हे स्पष्ट सांगते. आमच्याकडे एक कंगवे-ब्रश वगैरे देणारे आहेत, मालक स्वतःच प्लॅनर, स्वतःच डिस्पॅच, स्वतःच फोन उचलणार. त्यांना लॉगिन दिलं, ट्रेनिंग दिलं, दोन आठवडे त्यांनी मन लावून आकडे भरले आणि मग ये रे माझ्या मागल्या. त्यांचंही बरोबर आहे, त्यांचे बाकीचे ग्राहक वेगवेगळ्या पोर्टलवर, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा. त्यांच्याशी मी अजूनही फोनवरच बोलते, पण एक केलं, फ्रोजन विंडो त्यांनाही लावली, आणि आठ आठवड्यांचे आकडे मेसेजवर पाठवते. तेवढ्यानेही फरक पडला. म्हणजे बघा, सॉफ्टवेअरशिवाय.

टंचाईच्या वेळी सगळं कोलमडतं हेही सांगायला हवं. मध्यंतरी एका कच्च्या मालाच्या तुटवड्याने वाइप्स कमी पडायला लागले. सप्लायर कळवून मोकळा झाला, करारात होतं तसं, कळल्या दिवशी. आणि आम्ही काय केलं? पुढच्या आठ आठवड्यांचे आकडे ३० टक्क्यांनी फुगवले, जुनी खोड. स्क्रीनवर आमची विक्री साहेबांनाही दिसत होती, त्यामुळे त्यांना एका मिनिटात कळलं. त्यांनी मागच्या १३ आठवड्यांच्या विक्रीच्या प्रमाणात सगळ्या ग्राहकांना माल वाटला, फुगवलेल्या ऑर्डरीच्या प्रमाणात नाही. तेव्हा राग आला, पण त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. तोपर्यंत आमच्यातल्या काहींनी "आपला डेटा त्यांना कशाला दाखवायचा" हे पुन्हा सुरू केलं होतंच, या प्रसंगानंतर तर जास्तच.

दंडाबद्दल लोक विचारतात, की एवढं करण्यापेक्षा सरळ पेनल्टी लावा, सप्लायर आपोआप सुधारतो. वॉलमार्टने २०१७ मध्ये ओटीआयएफवर दंड आणला, उशीर किंवा अपुरा माल असेल तर त्या मालाच्या किमतीच्या ३ टक्के. वॉलमार्टला जमतं, कारण त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रिटेल लिंक या आपल्या सिस्टीमवर सप्लायरला दुकानातल्या विक्रीचा डेटा दाखवलाय. आधी माहिती, मग दंड. आमच्याकडे उलटं होतं, दंड आधी होता, माहिती नव्हतीच. सप्लायर मग काय करतो, दंडाची रक्कम भावात धरतो आणि कोटेशन देतो. आता आम्ही दंड ठेवलाय पण फक्त फ्रोजन विंडोमधल्या ऑर्डरीवर, आणि आम्ही विंडो मोडली तर तो दंड आपोआप रद्द. हे दुसरं कलम मी भांडून टाकून घेतलं.

सपोर्ट ठीकठाक, चॅटवर पटकन येतात, पण पहिलं उत्तर कायम तेच, कॅश क्लिअर करून बघा. मोबाइल अ‍ॅप आहे असं ऐकून आहे, उघडलं एकदा, पुन्हा नाही.

तर कोणी घ्यावी? तुमच्याकडे १०-१५ मोठे सप्लायर मिळून बहुतेक खरेदी होत असेल, लीड टाइम आठवड्यांमध्ये असेल आणि वरचे लोक ऑर्डर न बदलण्यावर सही करायला तयार असतील तर घ्या. सही करायला तयार नसतील तर घेऊ नका, पैसे वाया, लाल ओळी बघत बसाल. सप्लायर शेकड्याने आणि छोटे असतील तर आधी दीड पानाचा कागद करा, सहा महिने एक्सेलवरच चालवा, मग ठरवा. आणि डेमोमध्ये फक्त तीन गोष्टी विचारा: ओटीआयएफ कुठल्या तारखेशी मोजता, अ‍ॅक्युरसी किती आठवडे आधीची दाखवता, आणि ऑर्डर बदलली तर कोणी बदलली ते सप्लायरला दिसतं का.

हे तिसरं आमच्याकडे आठ महिन्यांनी चालू झालं. आता फ्रोजन विंडोमध्ये कोणी आकडा बदलला की त्या ओळीवर बदलणाऱ्याचं नाव आणि कारण दोन्ही कंपन्यांना दिसतं, कारण लिहिल्याशिवाय सेव्ह होत नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा नाव कोणाचं आलं माहितीये? माझंच. १४ वेळा, आणि त्यातल्या ९ वेळा कारणाच्या रकान्यात मी नुसतं टिंब टाकलं होतं. पुढच्या मंगळवारी साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, हे टिंब म्हणजे काय समजायचं आम्ही?"

रिन्यूअल पुढच्या तिमाहीत आहे. ओटीआयएफचं ते तिकीट अजून ओपनच आहे, नवीन सप्लायर जोडला की पुन्हा डिफॉल्टवर जातं.